उचगावात सूर्य ऐकताना

६ ऑक्टोबर
बंगळूरहून फोन. सूर्यावर नजर ठेवणाऱ्या उपग्रहाच्या टीममधल्या मॅडम. आवाज गोड, बातमी कडू. आमच्या अँटेनाला रोज सूर्याचे रेडिओ-स्फोट ऐकू येतात, त्यांच्या उपग्रहाला मात्र सूर्य शांत दिसतो. गुरुवारपासून मोहीम. उपग्रह रोज दुपारी सूर्यावरच्या एका मोठ्या डागावर नजर रोखून बसणार, आणि जमिनीवरच्या केंद्रांनी त्याच वेळी ऐकायचं. तोवर आमचा गोंगाट थांबला नाही तर आम्ही बाहेर.
मगदूम सरांनी चहा अर्धा टाकला. कॉलेजच्या छतावर ही अँटेना उभी करायला किती वर्षं खपलाय हा माणूस! माझ्यासोबत अँटेना सांभाळणारा तौफिक म्हणाला, "सर, आधी केबल बघू." केबल ठणठणीत. म्हणजे गोंगाट सूर्याचा नाही, गावातलाच कशाचा तरी.

७ ऑक्टोबर
तौफिकची मोटरसायकल, मागं मी, हातात छोटी अँटेना, मांडीवर लॅपटॉप. उचगाव पालथं घातलं. एका रिक्षावाल्यानं विचारलं, "पावणं, डिश बसवता व्हय?" तौ. म्हणाला, "व्हय, सूर्याचा चॅनेल लागंना झालाय."
गल्लीच्या टोकाला गोंगाट वाढत गेला. उसाच्या ट्रॉल्या वेल्डिंग करणारं शेड. तिथं ठिणगी उडाली की इथं स्क्रीनवर उभी रेघ. ठिणगी, रेघ. ठिणगी, रेघ. तौ. रस्त्यातच नाचला. चोर सापडला! पण चोराचा गुन्हा काय? तो आपलं काम करतोय.

८ ऑक्टोबर
म. सरांना घेऊन शेडवर. मालकीण शोभाक्का. साडीवर शर्ट, हातात वेल्डिंगची काच. सरांनी सौरज्वालांपासून सुरुवात केली. अक्कांनी मधेच तोडलं.
"सर, कारखाने सुरू व्हायला आलेत. ऊसवाले डोक्यावर बसल्यात. तुमच्या सूर्यासाठी मी हे बंद करू व्हय?"
मी म्हटलं, "दिवसभर नको अक्का. फक्त दुपारी, मोहीम संपेपर्यंत. तेवढ्या वेळात दुसरी कामं करा."
"ग्राइंडर चालतोय न्हवं?"
तौ. अगदी हळू म्हणाला, "ग्राइंडर पण नको."
"मग काय भजन करू?"
रंग लावा, टायर चढवा, ग्रीस भरा, असं करत आम्ही कामं मोजत बसलो. शेवटी त्यांनी विचारलं, "ह्यातनं मला काय मिळणार?"
सर म्हणाले, "काही नाही."
अक्का इतक्या हसल्या की आतली पोरं बाहेर आली. "हे बरं सांगितलंसा. बाकी समदे कायतरी देतो म्हणतच येत्यात." कबूल झाल्या. वर चिवडा.

१० ऑक्टोबर
स्क्रीन स्वच्छ. इतकी स्वच्छ की अँटेना मेली का काय, म्हणून तौ. दोनदा वर जाऊन आला. काही ऐकू येत नाही याचाच आनंद. जयसिंगपूरहून आईचा फोन. "ऊन किती पडलंय ते मी पण सांगते की. त्याला एवढी माणसं कशाला?"

१३ ऑक्टोबर
डाग फुगलाय. सर सारखे छतावर. सूर्य अजून गप्प. शेडवरच्या ट्रॉल्या मात्र लालभडक झाल्यात, रंगकामात अक्का सगळ्यांच्या पुढं.

१५ ऑक्टोबर
ऐन दुपारी अक्कांचा फोन. मलकापूरकडचा एक ऊसवाला, ट्रॉलीचा हूक तुटलेला, ट्रॅक्टर दारात.
"चार टाके मारायचे हायत. मारू?"
सर खाली ऑफिसात. निर्णय माझ्यावर. डाग सकाळपासून चुळबुळ करत होता.
"अक्का, थोडं थांबाल? वाटतंय, आज काहीतरी होईल."
"वाटतंय, का हाय?"
"वाटतंय."
मागं माणूस ओरडत होता. मग अक्कांचा आवाज, त्याला: "बसा की पावणं. सूर्याचं काम चालू हाय." फोन बंद.
आणि मग काहीच नाही. कोरी स्क्रीन. लाज वाटायला लागली. तिकडं माणसाचा खोळंबा, आणि इकडं माझं नुसतं वाटणं. 'मारा टाके' म्हणून सांगायला फोन उचलला, तेवढ्यात तौ. किंचाळला.
जाड, तिरकी रेघ. वरून खाली सावकाश उतरत चाललेली. वेल्डिंगची रेघ उभी असते, ही घसरत जाते. सूर्यावरून मोठा धक्का बाहेर निघाल्याशिवाय अशी येत नाही. सर धापा टाकत जिना चढून आले, चष्मा खालीच राहिलेला.
"गौरी, तिरकी आहे ना? तिरकीच ना?"
"तिरकीच, सर."
उपग्रहाची वेळ संपल्या संपल्या फोन केला. "अक्का, मारा आता!"
"आला व्हय तुझा सूर्य?"
लगेच स्क्रीनवर पहिली उभी रेघ. आम्ही तिघांनी टाळ्या वाजवल्या.

१६ ऑक्टोबर
उपग्रहालाही तोच स्फोट दिसलाय. मॅडम म्हणाल्या, तुमचं चित्र सगळ्यांत स्वच्छ. सरांनी मिसळ खाऊ घातली. तौ.नं कट तीनदा मागवला.
संध्याकाळी अक्का छतावर. कालचं दिवसभराचं चित्र दाखवलं.
"ही तिरकी म्हंजे सूर्य?"
"व्हय."
"आन् ह्या उभ्या?"
"तुम्ही."
त्यांनी बोट ठेवून रेघा मोजल्या. "माझ्याच जास्ती हायत की गं!"

१८ ऑक्टोबर
बंगळूरचा निरोप: पुढची मोठी मोहीम जानेवारीत, आम्ही हवेच. पण या खेपेला दुपारपुरतं नाही. सकाळपासून सूर्य मावळेपर्यंत, महिनाभर. ऐन हंगाम, मोडक्या ट्रॉल्यांची रांग. अक्कांनी पोटापाण्याचं काय करायचं?
सर म्हणाले, "तू विचार." मी म्हटलं, "तुम्ही विचारा." तौ. म्हणाला, "मला कामाय." शेवटी मीच गेले.
शेडमधे ठिणग्यांचा पाऊस. मला बघून अक्कांनी काच बाजूला केली.
"काय गं, आता किती दिवस?"
मी म्हटलं, "अक्का, आधी जरा बसते."
त्यांनी खुर्ची पुढं सरकवली, आणि स्वतः उभ्याच राहिल्या.