बरणीतलं तेल

धाकट्या,

तुझं आमंत्रण मिळालं. जहाज फुटलं तेव्हा आपण दोघांनी किनाऱ्यावरून खरवडलेलं तेल माझ्याकडे बरणीत आहे. ती बरणी तुला नव्या हॉटेलच्या दर्शनी कपाटात ठेवायचीय, खाली पाटी लावून: 'हा किनारा आम्ही वाचवला.' लाज कोळून प्यायलास की काय?

तेव्हा आईच्या जुन्या साड्यांच्या चिंध्यांनी आपण खडक पुसले. कप्तानाला तू शिव्यांची लाखोली वाहिलीस. काही वर्षांत खेकडे परतले, कासवंही अंडी घालायला आली. मग तू वाळूच्या टेकड्या सपाट करून भिंत बांधलीस, रात्रभर दिवे लावलेस. आता एकही कासव फिरकत नाही. कप्तानाच्या हातून निदान चुकून घडलं. तू नकाशा काढून केलंस.

बरणी आणतेय. उद्घाटनाला पाहुणे जमले की तुझ्या निळ्याशार पोहण्याच्या तलावात ओतणार आहे. आधी कळलं तर फाटकावरच अडवशील, म्हणून हे पत्र माझ्याच पर्समध्ये राहील.

घाबरू नकोस. तेल काय, पुसलं की जातं, तुला सवय आहे. चिंध्या मी आणतेय.

तुझी ताई