तिसरी तुळई

३ मार्च, सोमवार

पाळकसाहेब स्वतः चालत दुकानात आले! मी रंधा मारत होतो, अंगभर भुसा, तसाच उभा राहिलो. म्हणाले, "चर्चच्या सज्ज्याला या महिन्यात तीस वर्षं होतात. तीस तारखेला आभाराची उपासना ठेवतोय. चाळीस मुलं सज्ज्यावरून गातील. आणि देवानं तुमच्यासाठी काय केलं याची साक्ष, सगळ्यांसमोर उभं राहून, तुम्ही द्यायची."

मी! साक्ष! तो सज्जा म्हणजे माझ्या दोन हातांचं काम. सहा तुळया, अस्सल सागवान, तीस वर्षांत एक खिळा हललेला नाही. आणि पुढच्या रांगेत, अगदी कठड्याला लागून, आमची नात चिमणी. एक कडवं ती एकटी म्हणणार आहे. आजोबाचा सज्जा, नातीचा आवाज. माणसाला आणखी काय हवं?

घरी येऊन हिला सांगितलं. ही ताटं पुसत होती. "छान झालं," म्हणाली. मग म्हणे, "अहो, सज्ज्याखालच्या बाकांवर दर शनिवारी पिवळी भुकटी पडलेली असते. एकदा बघता का?" चर्च झाडायचं काम हिच्याकडे, त्यामुळे हिला जिथे तिथे धूळच दिसते. म्हटलं, माझ्या कामात खोट? नाव काढू नकोस.

६ मार्च, गुरुवार

पहाटे स्वप्न पडलं. आधी लिहितो, मग चहा.

चर्चमध्ये कुणी नाही. पांढऱ्या सदऱ्यातला एक माणूस येतो. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, हाताला घट्टे, आमच्या धंद्यातले. चेहरा दिसत नाही, पण कोण आहे ते मला कळतं. तो माझं मनगट धरतो, सज्ज्याखाली नेतो, शिडीवर चढवतो. आणि माझा तळवा तिसऱ्या तुळईवर टेकवतो. तिसऱ्याच — मी मोजल्या! हात खाली घेतला तर तळव्यावर सोनेरी भुकटी. जाग आली तेव्हा डोळे ओले होते.

यात अर्थ काय शोधायचा? माझ्या कामावर माझाच हात ठेवून आशीर्वाद दिला. वर सोनं!

मला असं सांगणं येतं, हे आजचं नाही. चोवीस वर्षांपूर्वी फर्निचरच्या कारखान्यातली नोकरी सोडून दुकान टाकायचं, हेही स्वप्नातच कळलं होतं. कुणीतरी हातात किल्ली ठेवली होती. आणि आज दुकान बघा! प्रभूला लहानाचा मोठा केला तोही सुतारच, आणि त्यालाही सगळं स्वप्नातच कळायचं. आमच्या धंद्यात हे चालतच आलंय.

८ मार्च, शनिवार

शेजारच्या टेलरला सांगितलं. मशीन थांबवून ऐकत बसला. "सोनं? खरं सोनं?" डोळे हे एवढे!

पाळकसाहेबांनाही सांगितलं. ते मात्र म्हणाले, "स्वप्न पडलं की आधी विचारावं, हे माझ्याकडून काय मागतंय?" मी म्हटलं, "साहेब, हे मागत नाही, हे देतंय." काय वाक्य सुचलं! साक्षीत घालणार.

संध्याकाळी ही चर्च झाडून आली. दारातूनच, "आजही होती हो भुकटी, मागच्यापेक्षा जास्त—" मी साक्ष लिहीत होतो. हातानंच थांब म्हटलं. तंद्री मोडते.

९ मार्च, रविवार

उपासनेनंतर पाच-पन्नास माणसं भोवती. स्वप्न तीनदा सांगावं लागलं! गाणं शिकवणाऱ्या बाईंनी डोळे पुसले. परत येताना ही पदर झटकत होती. म्हटलं, तुला आनंद नाही झाला? म्हणाली, "झाला की. सोन्याचा रंग कसा होता हो? पिवळाच ना?"

बायकांना सोन्याचंच पडलेलं असतं.

१४ मार्च, शुक्रवार

पुन्हा तेच स्वप्न. तीच तुळई. या खेपेला मनगट फार जोरात धरलं. अजून दुखतंय. दोनदा मान मिळालेला माणूस आपल्या मंडळीत तरी दुसरा नाही.

१६ मार्च, रविवार

आज सज्ज्यावर मुलांची तालीम. चाळीस जण ताल धरून पाय आपटतात, काय दणका! चिमणी कठड्यावरून वाकून ओरडली, "आजोबा, इथून तुमचं टक्कल दिसतं!" सगळे खो खो हसले. माझी छाती दोन इंच फुगली.

पण नंतर वाजलं. तालीम चालू असताना ही खालच्या बाकावर बसली होती. बाहेर आल्यावर डोकं माझ्यापुढे वाकवलं. केसांवर पिवळी भुकटी. "हे काय आहे?" म्हटलं, जुनी इमारत, धूळ पडणारच. "धूळ अशी नसते." तोल गेला माझा. टेलरच्या देखत म्हणालो, "तुझा झाडू तू बघ, माझं लाकूड मी बघतो."

तेव्हापासून बोलत नाही. चहा वेळेवर, जेवण वेळेवर, तोंडातून शब्द नाही. प्रार्थनेला मात्र गुडघे टेकून बसते ती उठतच नाही.

१९ मार्च, बुधवार

अबोला चालू. साक्ष पाठ झाली. ऐकवायला कुणी नाही.

२१ मार्च, शुक्रवार

आज जे झालं ते क्रमानंच लिहितो.

पहाटे तिसऱ्यांदा स्वप्न पडलं. या वेळी त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सज्ज्याखाली वाकून झाडत होता. झाडूच्या मुठीला निळी चिंधी — आमच्या हिचा झाडू! भुकटी गोळा करायचा, वरून पुन्हा पडायची, पुन्हा झाडायचा. मी हाका मारल्या. नुसता झाडत राहिला.

झोप उडाली ती उडालीच. उजाडल्यावर दुकानात गेलो. खिडकीतून ऊन आत आलं, बाकड्याखालच्या भुशावर पडलं आणि तो चमकला. सोनेरी. पिवळा. चमचम करणारा.

चाळीस वर्षं भुशात वावरलेला माणूस मी, आणि स्वप्नात भुसा ओळखला नाही! सोनं म्हणून गावभर मिरवत फिरलो!

शिडी आणि पटाशी घेऊन चर्चमध्ये. पहिली तुळई, ठणठणीत. दुसरीही. तिसरीवर नुसता अंगठा दाबला तर रंगाचा पापुद्रा आत गेला. पटाशी लावली, मुठीपर्यंत गेली. जोर लावावाच लागला नाही. आतून भुंग्यानं पार पोखरलेली.

सागाला भुंगा असा लागत नाही. ही सागाची नव्हतीच.

शिडीवर बसूनच आठवलं. आठवलं कसलं, माहीत होतंच. तीस वर्षांपूर्वी एक तुळई कमी पडली. सागाची यायला महिना लागणार होता, आणि सज्जा उघडायची तारीख ठरलेली. हलक्या लाकडाची घातली, रंग चढवून इतरांसारखी केली. वर्षभरात बदलू, असं स्वतःलाच सांगितलं. नंतर कौतुक इतकं झालं की ती तुळई मीच विसरून टाकली.

आणि तिच्यावर चाळीस मुलं पाय आपटत होती. कठड्याशी चिमणी. देवा!

घरी येऊन हिच्यासमोर उभा राहिलो. मूठ उघडली, भुसा दाखवला. "तू सांगत होतीस." हिनं पदरानं माझा तळवा पुसला. "आधी सज्ज्याला कुलूप लावा," म्हणाली. पाच दिवसांनंतरचं पहिलं वाक्य.

२२ मार्च, शनिवार

पाळकसाहेबांना सगळं सांगितलं, रंगासकट. ते आधी माझ्याबरोबर सज्ज्याखाली येऊन तुळई बघून गेले. मग म्हणाले, "मागतच होतं की हो ते स्वप्न." गाणंबाई मात्र भडकल्या. "चाळीस लेकरं होती वर!" ऐकून घेतलं. ऐकून घेण्यासारखंच होतं.

टेलर दारात उभा राहून विचारतो, "काय मग, सोन्याची खाण कुठवर आली?" हाणला असता, पण हसूच आलं.

२५ मार्च, मंगळवार

सागाची तुळई आली. या वेळी सगळ्यांसमोर तासून पाहिली. आरपार साग. टेकू लावून जुनी उतरवली, हातात भाकरीसारखी तुटली.

२८ मार्च, शुक्रवार

बसली! चार जणांनी उचलली, पाळकसाहेबांनीही बाह्या दुमडल्या. सांधा असा बसलाय की कागद जायचा नाही. रंग दिला नाही. मुद्दामच. लाकूड आहे तसं दिसू दे.

गाणंबाई म्हणाल्या, "मुलं नंतर. आधी तुम्ही चढा." चढलो. मधोमध उभा राहून उड्या मारल्या, साठी उलटलेला माणूस! मग वीस मोठी माणसं चढवली. हूं नाही की चूं नाही. खरं सांगतो, तीस वर्षांपूर्वीच्या कौतुकानंसुद्धा इतकं बरं वाटलं नव्हतं.

३० मार्च, रविवार

पाठ केलेली साक्ष खिशातच राहिली. उभा राहिलो आणि तुळईचं सगळं सांगितलं. सोन्याचंही. लोक आधी दचकले, मग हसले, मग शांत झाले. शेवटी म्हणालो, "तीन आठवडे देव आणि माझी बायको मला एकच गोष्ट सांगत होते. मी फक्त एकाचं ऐकत होतो, आणि त्याचंही उलटंच ऐकलं." ही मागच्या बाकावर खाली मान घालून बसली होती. कान लाल झाले होते.

मग चिमणी गायली. कठड्याला दोन्ही हातांनी धरून, न घाबरता. भुकटीचा एक कण खाली पडला नाही. मी बघत होतो!

३१ मार्च, सोमवार

सकाळी चहा घेताना हिला सहज म्हटलं, "पण मलाच का गं दाखवलं देवानं?"

हिला हसू आवरेना. "पाच तारखेला मीच त्याला म्हटलं होतं, माझं हे ऐकत नाहीत. तुझं ऐकतात. तूच हात धरून ने त्यांना."

पाच तारीख. मागची पानं उलटली. पहिलं स्वप्न सहाच्या पहाटे.

माझी चुगली, थेट देवाकडे! मग भीत भीत विचारलं, "आणि ते किल्लीचं? दुकानाचं?"

"त्याला तीन महिने लागले होते," ही म्हणाली, आणि निळ्या चिंधीचा झाडू घेऊन अंगणात गेली.