एकीची दोन नावं

सोम., ८ एप्रिल १९९६
कॉम्प्युटरवर कोणाला काय करता येतं, याची तपासणी सुरू. इंटर्नल ऑडिटला मी एकटी. कॉ. विभागाच्या रानडेंकडून नावं घेतली. नोकरी सोडून गेलेल्या दोघांची नावं अजून चालू. रानडे म्हणाले, "असू द्या बाई, पगार थोडाच घेतात?" मी हसले नाही.

बुध., १०
गोदामातला माल खराब म्हणून काढायचा तर नोंद एकाची, मंजुरी दुसऱ्याची. नियम साधा. मार्चात बराच चांगला माल असा 'खराब' होऊन गेला. नोंद: वैशाली तांडेल. मंजुरी: स्नेहल म्हात्रे. गोदामात विचारलं, तर एकच मुलगी उठली. "दोन्ही मीच, बाई. लग्नात नाव बदललं ना." चेंदणीची मुलगी, डोंबिवलीत दिलेली. रानडेंनी नवं नाव उघडलं, जुनं तसंच राहिलं. पुढे बढती मिळाली, म्हणून नव्या नावाला मंजुरीचा हक्क.

गुरु., ११
स्नेहलला समोर बसवलं. लग्नाच्या रजेवर जाताना काम अडू नये म्हणून गोदामाच्या गद्रेसाहेबांनी तिचा पासवर्ड सगळ्यांना द्यायला लावला. तेव्हापासून गोदाम तिच्या माहेरच्या नावावर चालतं.
"मग मंजूर करताना पाहत नव्हतीस?"
"माझंच जुनं नाव दिसायचं, बाई. त्यात काय पाहायचं?"
मी तिच्यावर फार रागावले. गद्रे म्हणतात, "मी असं सांगेन का? तुम्हीच सांगा."

शुक्र., १२
रिपोर्ट दिला. पासवर्डचं सगळं लिहिलं. मोठ्या साहेबांनी वाक्य उचललं एकच: दोन्ही नावे एकाच व्यक्तीची. संध्याकाळी स्नेहल निलंबित.

मंगळ., १६
सकाळी रानडेंच्या पडद्यावर मी स्वतः पाहिलं. वै. तांडेल, आत्ता आत. स्नेहल तर घरी! तशीच गोदामात गेले. मशीनसमोरची खुर्ची रिकामी, चौघं चहा पीत उभे.
"कोण बसलं होतं?"
"कोणी नाही, बाई. चहा घेणार?"
परत येऊन रानडेंना म्हटलं, छापून द्या. म्हणाले, जेवण झाल्यावर. जेवण झाल्यावर ते नावच नव्हतं. त्या नावाने कोण कधी बसलं, तेही त्याबरोबर पुसलेलं. "गद्रेसाहेबांचा फोन आला. जुनं नाव ताबडतोब काढा, असं तुमच्याच रिपोर्टात आहे ना?"
आहे. अधोरेखित करून.

बुध., १७
डोंबिवलीला स्नेहलकडे. सासूबाई दारातच म्हणाल्या, "नोकरी गेली तर गेली, बाई. पण चोर बोलतात ना तिला." स्नेहलला पडद्याचं सांगितलं. एकदम उजळली. "मग सुटले मी. तुमच्यावर कोण अविश्वास दाखवेल?"
कागद नाही, हे सांगायला हवं होतं. चहा घेऊन निघाले.

शुक्र., १९
चौकशी. मला पहिलाच प्रश्न: दोन्ही नावं एकाच बाईची ना? हो किंवा नाही.
हो म्हटलं. मंगळवारचं सांगू लागले, तर साहेब म्हणाले, "त्याचा कागद आहे?"
नाही.
"मग पाहू नंतर." पुढची बैठक सोमवारी. बाहेर बाकावर स्नेहल बसलेली. उठून म्हणाली, "सांगितलंत ना, बाई?"
मी म्हटलं, सोमवारी.