धाकट्याच्या नावानं

३ डिसेंबर

आज संघानं माझा वाढदिवस केला. चौतीस! केकवर साखरेचा बेसबॉल, साखरेची बॅट. आमचे मॅनेजर डॉन चिलो – साठी उलटली तरी दंगा पोरांच्या वर – ओरडले, "अरे एलिहियो, फुंकर मार की! का तीही आम्हीच शिकवायची?" मारली. सगळे हसले, मीही हसलो.

वाढदिवस माझा नव्हताच. आज जन्मला तो माझा धाकटा भाऊ. एलिहियो तोच. मी फेर्मीन, मार्चमधला. आणि मला चौतीस नाही, अडतीस झाली आहेत.

हे आजवर कुठं लिहिलं नव्हतं. लिहून टाकलं.

४ डिसेंबर

वही आधी उशीखाली ठेवली. मग गादीखाली. मग मळक्या मोज्यांच्या पिशवीत. तिथं कोणी हात घालायचा नाही, वासच तसला आहे!

९ डिसेंबर

दुपारी सराव. सेंटर फील्डमध्ये, मैदानाच्या पार मागच्या टोकाला मधोमध, एकटाच उभा होतो. ही जागा मला फार आवडते. चेंडू कधीतरी येतो, मधला सगळा वेळ आपला. साखर कारखान्याकडून काकवीचा वास येत होता. ढग सावकाश समुद्राकडे निघाले होते. मला वाटत राहिलं की मी वीस वर्षांचा आहे आणि मला निवडायला परदेशातनं अजून कोणी आलेलं नाही.

आले तेव्हा खरंच वीसचा होतो. तिकडचे क्लब सोळाची पोरं घेतात. वीस म्हणजे त्यांच्या लेखी नासका आंबा. मला तयार करणारा मोन्चो आईला म्हणाला, "नीदिया, पोरगं घोड्यासारखं पळतं, पण म्हातारं झालंय. धाकट्याचा जन्मदाखला काढ." आईनं पत्र्याच्या डब्यातून काढून दिला. आमच्या गल्लीतली तीन पोरं अशीच तिकडे गेली होती. पाप कोणालाच वाटलं नाही, मलाही नाही. एलिहियो तेव्हा सोळाचा. दारात ऊस सोलत बसला होता. त्याला कोणी विचारलंसुद्धा नाही.

१४ डिसेंबर

एक पाऊल कमी पडलं.

चेंडू माझ्या आणि उजव्या फील्डरच्या मधल्या फटीत उंच गेला. पूर्वी असल्या चेंडूच्या आधी जाऊन मी त्याची वाट बघायचो. आज ग्लोव्हच्या टोकाला लागून खाली पडला. शेजारचा फील्डर पोचला असता, पण मी "माझा!" म्हणून ओरडलो होतो. सेंटरनं हाक दिली की बाकीच्यांनी बाजूला व्हायचं, तसा नियमच आहे. तो बिचारा थांबला. दोन धावा गेल्या.

चार वर्षं कागदावर लपतात. गुडघ्यात लपत नाहीत.

२१ डिसेंबर

ओस्वाल्दोचा फोन. माझा एजंट, नेहमी घाईत, नेहमी तोंडात काहीतरी. "तिकडे चौतीसचा सेंटर फील्डर हवाय! एक वर्ष खेळ, पुढं कोचची नोकरी. दहा जानेवारीला व्हिसा, बाराला सही. अरे, नाचत का नाहीस?"

नाचलो. खरंच नाचलो, स्वयंपाकघरात एकटाच, हातात कालथा. तिकडच्या मोठ्या मैदानांत मी तीनच हंगाम खेळलो. बाकी सगळी वर्षं छोट्या गावांत, बसच्या खिडकीला डोकं टेकून. आता आणखी एकदा ते गवत बघायला मिळेल. इतकं हिरवं मी दुसरीकडे कुठं पाहिलं नाही. कोच झालो तर म्हातारपणही तिथंच, मैदानाच्या कडेला. मला दुसरं काही येतही नाही.

२४ डिसेंबर

आईकडे. भाजलेलं डुक्कर, केळीच्या पानात उकडलेले पास्तेल, आल्याचा चहा. एलिहियो फटफटीवरून आला. मागे योकास्ता, मध्ये त्यांची मारिएलिस, तिघं एका सीटवर.

गावात त्याला एलिहियो कोणी म्हणत नाही, ताती म्हणतात. नाव माझ्याकडे आहे, मग त्याला म्हणणार काय? ओळखपत्र नाही, म्हणून परवाना नाही, लग्नाचा कागद नाही. फटफटीवर सवाऱ्या नेतो आणि पोलीस दिसला की गल्लीत घुसतो. पोरीच्या दाखल्यावर बापाची जागा कोरी. योकास्ताचं आडनाव लावलंय.

"परत जातोयस म्हणे, दादा?"

"एकच वर्ष रे."

"जा की! गुडघे पण ने माझे, अजून बरे आहेत. वय तर नेलंच आहेस!"

सगळे खो खो हसले. आई तेवढी हसली नाही. नंतर भांडी उचलताना मी तिला म्हटलं, "त्याचं नाव त्याला देऊन टाकावं का गं?"

"थोरल्या, सणासुदीला हे काढू नको," म्हणाली, आणि भांडी माझ्याच हातात ठेवून आत गेली.

३० डिसेंबर

स्वप्नात चेंडू वर गेला आणि खाली आलाच नाही. मी मान वर करून उभा. लोक घरी गेले, दिवे गेले. मला मात्र फार बरं वाटत होतं.

६ जानेवारी

तीन राजांचा सण. पोरं आदल्या संध्याकाळी पलंगाखाली राजांच्या उंटांसाठी गवत ठेवतात, राजे रात्री भेट ठेवून जातात. मारिएलिससाठी मी सेंटर फील्डमधलं गवत खिसा भरून नेलं होतं. "हे उंट जोरात पळणार!" म्हणाली.

राजांना चिठ्ठीही लिहिली होती. बाहुली, रंग, एक शिट्टी. खाली मोठ्या अक्षरात नाव, आमचं आडनाव लावून – मारिएलिस पेगेरो. योकास्तानं खोडरबर घेतलं. "हे आडनाव शाळेत चालत नाही, बाळा. दाखल्यावरचंच लिहायचं. राजांना घर सापडायचं नाही."

पोरीनं खोडू दिलं. एलिहियो बाहेर जाऊन फटफटी पुसायला लागला. ती स्वच्छच होती.

मला फार लाज वाटली. मैदानात हजार माणसं त्याचं नाव घेऊन ओरडतात, मी टोपी काढून हात हलवतो. आणि त्याच्या पोरीला बापाचं नाव पेन्सिलीनंही लिहिता येत नाही. आज सकाळी बाहुली मिळाली तिला. मी नीट बघूही शकलो नाही तिच्याकडे.

८ जानेवारी

सांगितलं.

आधी ओस्वाल्दोला. तोंडातलं घाईघाईनं गिळलं त्यानं. मग, "बारा तारखेपर्यंत तोंड शिवून ठेवता आलं नाही तुला? एका वर्षानं काय बिघडणार होतं त्याचं?" अठरा वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो. व्हिसा गेला, करार गेला. कोचची नोकरीही गेली.

मग डॉन चिलोंना. टोपी मांडीवर घेऊन ऐकत होते. "अडतीस? तरीच! मला वाटलं, आळशी झालास." माझा खांदा धरला. "लीग आता तुला उभं करणार नाही, पोरा. ग्लोव्ह घे आणि घरी जा."

घरी नाही गेलो. सेंटर फील्डपर्यंत चालत गेलो, बसलो, भरपूर रडलो. वारा होता. काकवीचा वास होता. डोळे मिटले तर अजूनही वीसचाच वाटत होतो.

१५ जानेवारी

नोंदणी कचेरी. आई, एलिहियो, मी. एलिहियोचा अर्ज घेतला. काही महिने लागतील, पण नाव मिळेल, टेबलामागच्या बाई म्हणाल्या. मग माझं विचारलं. "फेर्मीन पेगेरो." त्यांनी पडद्यावर बघितलं, पुन्हा बघितलं. "हा तर फेब्रुवारी दोन हजार एकमध्ये वारलाय. आईनंच नोंद केलीय."

आई पर्स पोटाशी धरून बसली होती. "मोन्चो म्हणाला, तिकडची माणसं तपासायला येतील, थोरला कुठंय विचारतील. मेलेल्याचं कोणी विचारत नाही."

बाहेर आलो. एलिहियोनं फटफटी सुरू केली. "बस मागे, दादा. तुझं मिळेपर्यंत माझंच वापर."