कपाटातला संगणक

प्रिय चिमे,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून तू आधी घाबरशील, कोण गेलं म्हणून. कोणी गेलेलं नाही. उलट गेलेलं एक परत आलंय.

गेल्या सोमवारी विद्यापीठाचं फर्मान निघालं : शुक्रवारपर्यंत प्रत्येक संगणक अपडेट झालाच पाहिजे, नाहीतर नेटवर्क तोडणार. आमच्या संस्कृत विभागात सहा वर्षांत एकही अपडेट झालेला नाही. रोज सकाळी पडद्यावर सूचना येते, मी 'नंतर आठवण करा' हे बटण दाबतो आणि मगच चहाला हात लावतो. नित्यकर्मच म्हण. पाणिनीच्या सूत्रांवर दुरुस्त्यांची वार्तिकं आली तेव्हाही जुनी मंडळी अशीच कुरकुरली असतील, एवढीच काय ती माझी शास्त्रोक्त सबब.

संगणक कक्षात तुझ्या जागेवर आलेले गृहस्थ बुधवारी हजर झाले. पाठीमागे मी त्यांना अद्ययावतराव म्हणतो. त्यांच्या यादीत सहा संगणक, आमच्या टेबलांवर पाच. सहाव्याचं विचारलं तर मी म्हटलं, तो निवृत्त झाला. "सर, निवृत्तांनाही हयातीचा दाखला द्यावा लागतो," म्हणाले आणि कपाटाची किल्ली मागितली. इतकं बिनतोड उत्तर आल्यावर किल्ली न देणं पाप होतं.

सहावा कुठला, ते तुला सांगायला नको. पाण्याच्या शब्दांचा अण्णांचा कोश ज्यात आहे, तोच. शेवटचं दीड वर्ष ते अंथरुणावरून सांगत, मी उतरवून घेऊन विभागात टाइप करी, आणि उशी सरळ करता करता 'हा शब्द मघाशीच झाला' म्हणून तू आम्हा दोघा पंडितांना टोकायचीस. अण्णा गेल्यावर तीन महिन्यांनी तू तो संगणक अपडेट केलास. दुसऱ्या दिवशी मी फाइल उघडली, तर नऊ हजार शब्दांच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि वेडीवाकडी चिन्हं. तू दारात उभी होतीस. 'दादा, मला एकदा बघू दे' एवढंच म्हणत होतीस. आणि मी काय म्हणालो, ते आपल्या दोघांनाही पाठ आहे. 'अण्णांना तू दुसऱ्यांदा मारलंस.' सगळी संस्कृत सुभाषितं तोंडपाठ असलेल्या माणसाला त्या क्षणी हेच सुचलं. मी संगणकाला कुलूप घातलं, तू दुसऱ्या गावची नोकरी धरलीस.

अद्ययावतरावांची रीत अशी की अपडेटआधी सगळ्याची नक्कल काढायची. "आधी नक्कल, मग अक्कल," म्हणतात. नक्कल त्यांनी स्वतःच्या लॅपटॉपवर उघडली, तो कचरा पाहिला आणि चक्क हसले. "सर, काहीही गेलेलं नाही. जुना फॉन्ट नव्या सिस्टिमवर नाहीये, एवढंच." त्यांनी तो फॉन्ट टाकला आणि चिमे, पानंच्या पानं उमटली. अर्णस्, अंभस्, तोय, सलिल. आपल्या अण्णांचं सगळं पाणी. मी खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो. ते सज्जन आहेत. पाच मिनिटं उगाच वायरी तपासत बसले. सहा वर्षं छातीवर होता तो धोंडा उतरला, आणि खालून तू निघालीस.

खरंच निघालीस. संगणक बाहेर ओढला, तर त्याच्या पाठीवर चिकटपट्टीने लावलेली तुझी चिठ्ठी : 'दादाचा फॉन्ट टाकायचा बाकी. उद्या येते.' तू आली होतीसच. दारातून मी परतवलं. वर तो संगणक कपाटात ठेवताना त्याची पाठ भिंतीकडे केली.

माझं चुकलं, चिमे. याला संस्कृतात सोयीचा पर्याय शोधून पाहिला, मिळाला नाही. अद्ययावतरावांनी विचारलं, या संगणकावरही फॉन्ट टाकून देऊ का? मी म्हटलं, नंतर. ते काम एकीच्या नावावर आहे. त्यांनी महिनाअखेरपर्यंत सवलत दिलीय आणि चिठ्ठी अजून जागच्या जागी आहे. तुझा तो 'उद्या' घेऊन ये.

दारातून बाजूला झालेला,
तुझाच दादा