सासूबाईंच्या गाण्यांचं गाठोडं

१७ जानेवारी, सकाळी.
मेहुण्याने, यार्क्कोने, दिवंगत सासूबाईंच्या सगळ्या अंगाया दाबून, एका फाइलीत बांधून पाठवल्या. एकवीसला त्यांचा नावदिवस, म्हणजे कॅलेंडरात त्यांच्या नावाचा दिवस. माझ्या बायकोला, सिर्क्काला, त्या दिवशी कॉफीच्या टेबलावर आईचा आवाज ऐकायचाय. यार्क्को म्हणाला, दाजी, माउसने दोनदा टिचकी मारा, उघडेल. मला शिकवतो! मी कमांड लाइनवरच, हाताने आज्ञा टाइप करून उघडणार. माउस लाकडं फोडायच्या ओंडक्यावर ठेवला आणि कुऱ्हाडीने दोन तुकडे केले. आता माघार नाही.

१८ जानेवारी.
उघडत नाही. मॅन्युअल वाचणार नाही, हा निश्चय. भिंतीला लाथ घातली. अंगठा काळानिळा. कीबोर्ड बडवला, एक बटण उडून सूपच्या वाडग्यात पडलं. सिर्क्काने विचारलं, उघडली का? म्हटलं, केव्हाच! सगळी गाणी ऐकली, रडलोसुद्धा. रडलो होतो खराच, अंगठ्यामुळे.

१९ जानेवारी, सौनानंतर.
यार्क्को आला होता. मी सगळी ऐकली असं सिर्क्काने सांगितलं, म्हणून मूळ रेकॉर्डिंग पुसून टाकली म्हणे, जागा अडत होती. गाढव! सौनातल्या तापल्या दगडांवर पाणी ओतायचा डाव फेकून मारला. कपाळावर टेंगूळ. का मारलंत, म्हणाला. सांगितलं, वाफ कमी होती.

२० जानेवारी, सकाळी.
कमांड हाणली. मशीन म्हणते, रिकामं गाठोडं बांधायला मी भिते, सबब नकार. भित्रट कुठली! रिकामं नको? घे मग. माझ्या मासेमारीच्या फोटोंची नावं पुढे ठोकली आणि एंटरवर बुक्की मारली. चूं न करता ऐकलं. शरण आली!

दुपारी.
मॅन्युअल वाचलं. उघडण्याऐवजी बांधायचीच कमांड देत होतो. त्याच नावाचं नवं गाठोडं जुन्यावर बांधलं गेलं. आत फक्त मासे. कॉम्प्युटर बर्फात नेऊन कुऱ्हाडीने चेचला. चूक त्याचीच होती.

२१ जानेवारी.
सांगितलं, कॉम्प्युटर आपोआप गेला, गाणी गेली. यार्क्कोने गचांडी धरली. मी दात आवळून तयार होतो. सिर्क्कानेच सोडवलं. मग ती स्वतःच आईची अंगाई म्हणू लागली. दोन कडवी म्हटली आणि अडली. यार्क्कोलाही येईना. ती माझ्याकडे वळली. म्हणाली, तू तर सगळी ऐकलीस ना, रडलास. पुढे काय आहे रे?

मी म्हटलं, कॉफी निवतेय.