भोंग्यातून आलेली हाक

बाबा, उद्या हट्ट्याच्या मंडईची जत्रा आहे आणि नातवाला घेऊन जायचं मी कबूल करून बसलोय. घरात सगळे खूश आहेत, सून त्याची नवी चड्डी-बनियन काढून ठेवतेय, आणि मी मात्र सकाळपासून तीनदा चहा मागवून तिन्ही वेळा तो निववलाय. काय झालं म्हणून विचारलं तर सांगण्यासारखं काही नाही. म्हणून तुम्हाला लिहायला बसलो. तुम्हाला जाऊन पन्नासेक वर्षं होत आली, तेव्हा तुम्ही तरी मध्येच बोलणार नाही.

नातू रोज संध्याकाळी टीव्हीवर एक कार्टून पाहतो. त्यात एक ढेरपोट्या बाप आहे. तो नळ दुरुस्त करायला जातो आणि घरात तळं करतो, बायकोच्या वाढदिवसाला स्वतःच्याच आवडीची मिठाई आणतो. परवा तर तो पोराला बाजारात विसरला आणि त्याच्याऐवजी टरबूज कडेवर घेऊन घरी आला. सगळं घर हसत होतं. नातू माझ्या डाव्या बाजूला सरकला, कानाशी तोंड आणून म्हणाला, "दादाजी, ऐसे पापा सच में होते हैं क्या?" मी म्हटलं, "होते हैं बेटा. हमारे तो थे."

तुम्ही राग मानणार नाही, ठाऊक आहे. तुम्ही म्हणजे मोटारीचे असे कंडक्टर, की ज्याला टाकून मोटार निघून जायची. "वारासिवनीऽ कटंगीऽ" अशी तुमची आरोळी बालाघाटच्या स्टँडवरून आपल्या घरापर्यंत यायची. मग चहाच्या टपरीवर तुमची गोष्ट रंगायची, आणि ड्रायव्हरला अर्ध्या वाटेत कळायचं की मागे तिकिटं फाडणारा कुणीच नाही. तुम्ही धानाच्या ट्रकवर बसून मागून पोहोचायचा, ड्रायव्हरसाठी भज्यांचा पुडा घेऊन. माय म्हणायची, "मोटारीले कंडक्टर लागते का कंडक्टरले मोटार, हे एकडाव ठरवून घ्या तुमी." आणि तुम्ही तिच्याच पदराला हात पुसत हसायचा. पण रात्री जेवताना माझ्या ताटातल्या मिरच्या वेचून तुम्हीच खायचा, हेही खरं. शिंगाड्यांच्या दिवसांत बोटं काळी होईपर्यंत सोलून द्यायचा, आणि स्वतःसाठी एकही ठेवायचा नाही.

ती मंडई शिंगाड्यांच्याच दिवसांतली. राज्यं फुटून विदर्भ तिकडे मराठीत गेला आणि आपण इकडे हिंदीत राहिलो, त्याला दोन-चार वर्षं झाली असतील. मी सात-आठ वर्षांचा. दिवाळी होऊन गेलेली, गावोगाव मंडया भरताहेत, आणि हट्ट्याला दिवसाउजेडी दंडारीचं नाटक चाललंय. तुम्ही मला बावलीच्या कठड्याजवळ, सावलीत बसवता. "हालू नोको इथून. शिंगाडे घेऊन आलोच मी." बस्, एवढंच. मी बसतो. बावलीत पायऱ्या खाली खाली जातात आणि शेवटी हिरवं पाणी दिसतं. मी पाण्याकडे पाठ करतो, मग वाटतं मागून कुणी येईल, म्हणून पुन्हा तोंड फिरवतो. सावली माझ्या पायांवरून सरकून पलीकडे जाते. ऊन लागतं, पण हालू नको म्हटलंय. येणारा प्रत्येक जोडा मी ऐकतो. तुमच्या उजव्या चपलेचा अंगठा तुटका होता, ती फटक्-फटक् वाजायची. शेकडो चपला गेल्या, बाबा, ती एक काही आली नाही.

आणि मग एकदम वरच्या झाडाला बांधलेल्या भोंग्यातून तुमचा आवाज आला. "अरे, माहा पोरगा कुठी गेला रेऽ! कोनी पाह्यला का माहा पोरगा?" आणि त्यावर शेकडो माणसं खो-खो हसली.

वाटलं, तुम्ही मला हुडकून राह्यले आणि सगळी जत्रा तुम्हाला हसून राह्यली. काय झालं होतं ते नंतर कळलं. दंडारीत जो माणूस विसराळू बापाचं सोंग करायचा, त्याचा घसा बसला होता. मंडळींनी शिंगाड्याच्या पाटीपाशी तुम्हाला गाठलं. हा मोटारीवर ओरडणारा माणूस, ह्याच्यासारखा आवाज कुणाचा? "पाचच मिंटं," ते म्हणाले, आणि तुम्ही खांद्यावर घोंगडं टाकून उभे राहिलात. लोक हसले की तुम्हाला जगाचा विसर पडायचा. दंडारीतल्या बापाचा पोरगा हरवलेला, म्हणून तुम्ही त्याला नाव घेऊन घेऊन बोलावत होता. वेगळंच नाव, ठरवून दिलेलं. एकदा बोलावलं, हशा. पुन्हा बोलावलं, जास्त हशा. आणि तिसऱ्यांदा तुम्ही ते नाव अर्धंच घेतलंत. भोंगा नुसता खरखरला. मग जी हाक आली ती माझ्या नावाची होती. घरातल्या लाडाच्या नावाची. आवाजातलं हसू पार गेलेलं.

लोकांना काय कळणार? ते आणखी हसले. मी मात्र तारेच्या मागे मागे धावत सुटलो. भोंग्याची तार जिथे जाते तिथे तुम्ही असणार, एवढी अक्कल मला होती. माणसांच्या पायांतून घुसून मी थेट मध्ये आलो आणि ओरडलो, "मी इथीच आहो बाबा!" तुम्ही मला उचललंत. कुणीतरी ओरडलं, "अरे वा, लौंडा तो बाप से भी आगे निकला!" टाळ्या पडत होत्या. तुमची छाती धाड-धाड उडत होती आणि पुढचं वाक्य तुम्हाला बोलता येत नव्हतं. ढोलकीवाल्यानं वेळ मारून नेली.

घरी येताना तुम्ही पुन्हा आपल्या रंगावर आलात. "काहून रडून राह्यला? तुलेच तं शोधत होतो ना बे! अख्ख्या मंडईनं आयकलं. मायले सांगजो नोको." शिंगाडे तुमच्या खिशात चेंगरून गार झाले होते. तेच तुम्ही सोलत होता, आणि माझा हात सोडायचा नव्हता म्हणून एका हातानं, दातांनी.

तुम्ही गेलात तेव्हा मी एका भोंगेवाल्याची बॅटरी वाहत होतो. मग स्वतःचा भोंगा घेतला, मग स्टँडजवळ भोंगे भाड्यानं द्यायचं दुकान झालं. कुठल्या भोंग्याचा पडदा फाटलाय, कुठल्या तारेत करकर आहे, हे मी रस्त्याच्या पलीकडून सांगायचो. लोक म्हणायचे, याच्या कानात भूत बसलंय. मंडईत हरवलेलं पोर माझ्याकडे आलं की मी त्याला बापाचं नाव विचारत बसायचो नाही. घाबरलेल्या पोराला स्वतःचं नाव आठवत नाही, बापाचं कुठून आठवणार? मी माइक त्याच्या तोंडापुढे धरायचो आणि त्याला रडू द्यायचो. आपल्या पोराचं रडणं आईबाप हजारांतून ओळखतात. माझा मुलगा आता दुकान पाहतो, तोही तसंच करतो. उद्या हट्ट्याला भोंगे आपलेच आहेत.

आता जे घरी सांगितलं नाही ते. माझा उजवा कान गेलाय, बाबा. डावाही हळूहळू चाललाय. घरच्यांना वाटतं म्हातारा विचारात असतो. मी त्यांना तसंच वाटू देतो, कारण कानांवर उभं केलेलं दुकान आहे. त्या कार्टूनमधला बाप परवा बाजारात पोराला हुडकत धावत होता, तोंड एवढं मोठं उघडं, आणि मला त्याची हाक ऐकू आली नाही. सगळे हसले म्हणून मीही हसलो.

हा कागद कुठे पाठवायचा नाही. पाठवणार तरी कुठे? घडी घालून चष्म्याच्या डबीत ठेवेन. पण एक सांगायचं राहिलं. मघाशी नातू येऊन म्हणाला, "दादाजी, मैं कल खो गया ना, तो पापा के माइक पे जोर से रोऊँगा. आप सुन के आ जाना."

मी "हौ" म्हणालो. तुम्ही "आलोच" म्हणायचात ना, अगदी तसंच.